हिंडायला सवकलेला बोका आणि पाच महिन्यांची चिंगी: दोघांनाही घरातच ठेवावे का?

चिमणपुऱ्यातली (सातारा)

नमस्कार. येत्या गुढीपाडव्याला आम्ही चिमणपुरा पेठेतील जुन्या वाड्यातल्या भाड्याच्या खोल्या सोडून गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूस घेतलेल्या छोट्या रो-हाउसमध्ये राहायला जाणार आहोत. सामानाची बांधाबांध सुरू झाली, मुलाच्या शाळेच्या रिक्षाचे ठरले. परंतु घरातील दोन मांजरांचे काय करायचे यावर महिनाभर आमचे एकमत होत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

थोरला सोन्या हा बोका साधारण सहा वर्षांचा आहे. त्याला आम्ही आणलेले नाही. एका पावसाळ्यात तो वळचणीला येऊन बसला आणि तिथेच राहिला. वाड्याची कौले, शेजारचे पत्रे आणि मागचा बोळ हे त्याचे राज्य. रात्री नऊच्या सुमारास जेवून तो बाहेर पडतो आणि पहाटे दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज झाला की खिडकीच्या गजांतून आत येऊन थेट पिठाच्या डब्यावर झोपतो. त्याची नसबंदी केलेली नाही, कारण पिल्ले काही त्याला होणार नाहीत, मग शस्त्रक्रिया कशाला, असा आमचा समज होता. गेल्या दिवाळीत मात्र तो तीन दिवस घरी फिरकला नाही आणि चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याचा उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला होता. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी ती गाठ फोडली. त्यातून निघालेला पू आणि त्या पुवात रुतून बसलेले दुसऱ्या बोक्याच्या नखाचे टोक मी अजून विसरलेले नाही.

धाकटी चिंगी पाच महिन्यांची आहे. मुलाने तिला भाजीच्या पिशवीत घालून आणली तेव्हा ती तळहातावर मावत होती. बाहेरचे जग तिने आजवर खिडकीतूनच पाहिले आहे.

नव्या घरासमोरून वाहनांचा रस्ता जातो, मागे झाडी आहे आणि त्याच्यावर डोंगर. अजिंक्यताऱ्याच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपण सर्वच वाचतो. दोन्ही मांजरांना कायमचे घरात ठेवावे, असे यांचे म्हणणे आहे. सासूबाई म्हणतात, "मुक्या जिवाला कोंडून घालणं बरं न्हवं. त्यापरीस सोन्याला वाड्यातच ऱ्हाऊ द्या, जेवायला घालणारी माणसं हायत तिथं." मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच काही ठरत नाही. सहा वर्षे मोकळा हिंडलेला बोका घरात राहू शकतो का, चिंगीला आतापासूनच बाहेरची सवय लावू नये का, आणि दोघांना वेगवेगळा नियम लावला तर तो टिकतो का, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहावे.


गावभागकर (सांगली)

वहिनी, आमच्या घरीही एक हिंडता बोका आणि एक घरात राहणारी मांजरी अशीच जोडी होती, त्यामुळे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, त्या वेळची गोष्ट आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. दुपारी गल्लीच्या तोंडाशी असलेले पाणी संध्याकाळी आमच्या दुसऱ्या पायरीला लागले आणि नाव आली तेव्हा आम्हाला निघायला दहा मिनिटे मिळाली. घरातली राणी कपाटाखाली बसली होती. तिला कोंबड्यांच्या डालग्यात घालून वर टॉवेल बांधायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मन्या मात्र सकाळपासूनच दिसला नव्हता. मी गच्चीवरून हाका मारल्या, ताटली वाजवली, शेवटी नावाड्याने आवाज चढवला तेव्हा खाली उतरलो. पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो, तेव्हा भिंतींवर माझ्या छातीपर्यंत चिखलाची रेघ होती आणि मन्या गल्लीच्या टोकाला तीन मजली इमारतीच्या जिन्यात बसलेला सापडला. अंगाची हाडे मोजून घ्यावीत इतका वाळला होता आणि पुढचे चार दिवस तो आमच्या हाताला लागला नाही.

या प्रसंगाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. घरात राहणारी मांजरी हाताशी होती म्हणून तिला नेता आले, हे खरे. आणि मन्याला सगळी छपरे पाठ होती म्हणूनच तो जगला, हेही तितकेच खरे. मी मात्र त्यानंतर एक गोष्ट बदलली. रोज संध्याकाळी ठीक सात वाजता, दिवेलागणीच्या आत, स्टीलची ताटली चमच्याने वाजवून दोघांना एकदमच जेवण द्यायचे आणि जेवण झाले की मन्यासाठी दार सकाळपर्यंत बंद ठेवायचे. दिवसभर त्याचे जेवण उघडे ठेवणे मी बंद केले; पोट भरलेला बोका ताटलीला जुमानत नाही. पहिले दहा-बारा दिवस त्याने रात्रभर ओरडून झोप मोडली आणि दाराची चौकट ओरबाडली. पुढे तो स्वतःहूनच पावणेसातला ओट्यावर येऊन बसू लागला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढले तेव्हा सातच्या ताटलीला दोघेही हजर होते आणि डालग्यात बसवून दोघांनाही विश्रामबागेत भावाकडे नेले.

म्हणून सोन्याला एकदम कायमचे कोंडण्याऐवजी आधी त्याची रात्र तोडावी, असे मला वाटते. बोक्यांच्या मारामाऱ्या, भटकी कुत्री आणि तुमच्याकडचा तो डोंगरावरचा पाहुणा, हे सगळे अंधाराचेच सोबती आहेत.


जनावरांचा डॉक्टर (कराड, निवृत्त)

पशुसंवर्धन खात्यात नोकरी केल्यामुळे माझे बहुतेक आयुष्य गाई-म्हशींत गेले, परंतु घरी मांजरे नेहमीच होती आणि शेवटच्या काही वर्षांत दवाखान्यातही कुत्र्या-मांजरांचीच गर्दी वाढली होती. ताईंच्या प्रश्नात "घरात की बाहेर" याच्या आधी सोडवायचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सोन्याच्या नसबंदीचा आहे.

बोक्याला पिल्ले होत नाहीत, हे खरे. परंतु तो रात्र-रात्र बाहेर राहतो, हद्दीवरून भांडतो, भिंतीवर आणि दारावर उग्र वासाची धार मारतो, ते बहुतांशी नराच्या संप्रेरकामुळे, म्हणजे हार्मोनमुळे. गालावर आलेली गाठ हा त्याचा ठरलेला परिणाम आहे. बोक्याचे नख किंवा सुळा कातडीला बारीक छिद्र पाडून जंतू आत सोडतो, वरची कातडी दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. अशाच खोल चाव्यांतून मांजरांमधील प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू एका बोक्यातून दुसऱ्यात जातो आणि त्यावर पूर्ण बरे करणारा उपचार नाही. शस्त्रक्रिया सोपी असते. फक्त एक लक्षात ठेवावे, की रक्तातील संप्रेरक उतरून सवयी मवाळ होण्यास त्यानंतर काही आठवडे लागतात. पाडव्याला घर बदलायचे असेल तर ती आताच करून घ्यावी. नव्या घरी गेल्यावर केली, तर जुने घर आठवणारा आणि अजून माजावर असलेला बोका अशी दुहेरी पंचाईत होईल.

चिंगी पाच महिन्यांची आहे, म्हणजे तिच्याकडेही फार वेळ उरलेला नाही. मांजरी चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते, गर्भ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. "एक वेत होऊ द्या" असा सल्ला तुम्हाला नक्कीच मिळेल. त्याला वैद्यकीय आधार नाही.

लसींबाबत लोकांचा असा समज असतो की घरातले मांजर कुठे जात नाही, तर त्याला लस कशाला. मांजरांचा पार्व्हो म्हणजे पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू कित्येक महिने जमिनीत तग धरतो आणि आपल्या चपलांबरोबर घरात येतो. पार्व्होसह तीन आजारांची एकत्रित लस आणि रेबीजची लस दोघांनाही द्यावी. सोन्याला रेबीजची लस आजवर दिलेली नसेल तर ते काम उद्याच करावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडून रक्त काढले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. हळद भरून घरी बसू नये.

आता घरात ठेवण्याची दुसरी बाजू, जी सहसा कोणी सांगत नाही. हिंडते मांजर दूध-भाकरी खाऊनही धडधाकट दिसते, कारण उरलेले पोषण ते उंदीर, पाली आणि टोळ खाऊन भरून काढत असते. मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातूनच मिळवावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो, भाकरीत नसतो. तो कमी पडला तर हृदयाचे स्नायू सैल होऊन हृदय फुगते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आले. मांजर घरात ठेवले, की त्याच्या ताटलीत जे पडेल तेवढेच त्याचे सारे अन्न, ही जबाबदारी दार बंद करणाऱ्यावर येते. दुसरे असे, की घरात बसून वजन वाढलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बोक्याला लघवी तुंबण्याचा त्रास होऊ शकतो. तो वाळूच्या पेटीत वारंवार बसतो, कण्हतो, खालची जागा चाटत राहतो आणि लघवी मात्र थेंबभरही होत नाही. घरच्यांना ते बद्धकोष्ठ वाटते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये; एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. अर्ध्या गोळीने मेलेली मांजरे मी पाहिली आहेत.


द्राक्षबागाईतदार (तासगाव तालुका)

डॉक्टरांविषयी आदर राखून थोडे वेगळे लिहितो. आमच्याकडे मांजर हे हौसेसाठी नसून कामासाठी असते. बेदाण्याच्या शेडमध्ये आणि धान्याच्या खोलीत चार मांजरे नसतील तर पोत्यांचे काय होते हे शहरात समजणार नाही. घरात कोंडलेले मांजर सोफ्यावर लोळते. त्याच्याकडून उंदराची अपेक्षा करता येत नाही. शिवाय सहा वर्षे छपरांवर वावरलेल्या बोक्याला चार भिंतींत आणून बसवणे म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्याला मुलाने पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवण्यासारखे आहे. खायला मिळते, पंखाही असतो, पण बोलायला माणूस नाही आणि बसायला पार नाही. ताईंच्या सासूबाई जे म्हणतात त्यात तथ्य आहे.

मात्र माझीही एक जखम आहे, ती लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या बांधाला लागून असलेल्या रानात कोणीतरी उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड पिठात कालवून त्याच्या गोळ्या टाकल्या. आमची सात वर्षांची कबरी संध्याकाळी उलट्या करत गोठ्यात आली, तिच्या तोंडाला लसणासारखा वास येत होता आणि गाडी काढेपर्यंत सगळे संपले. तिने गोळी खाल्ली की गोळी खाल्लेला उंदीर, ते कळले नाही. आता आजूबाजूला कोणी औषध टाकणार असेल तर सांगून टाकावे, एवढे मी सर्वांना विनवून ठेवले आहे आणि बहुतेक जण सांगतातही. गोडोलीत तुम्ही कोणाकोणाला विनवणार, हा प्रश्न आहेच.


जनावरांचा डॉक्टर (कराड, निवृत्त)

झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. पोटातील आम्लाशी मिसळताच त्याचा विषारी वायू होतो. घरगुती वापराच्या निळ्या-हिरव्या वड्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन असते. त्याने रक्त गोठणे बंद होते, परंतु लक्षणे दिसायला काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत मांजर दवाखान्यात आणले तर जीवनसत्त्व के-१ देऊन वाचवता येते. म्हणून वेष्टन फेकू नये, ते बरोबर घेऊन यावे. बेदाण्याच्या शेडमधील मांजरांविषयी माझे काहीच म्हणणे नाही. फक्त त्यांचीही नसबंदी करा, शिकारीत काही फरक पडत नाही.


दयाळ (सातारा)

मी पक्षीनिरीक्षक आहे आणि माझ्याकडे मांजर नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे माझे म्हणणे किती मनावर घ्यायचे ते आपण ठरवावे.

चिमणपुऱ्यातून गोडोलीला जाताना सोन्याचे भक्ष्य बदलणार आहे, हा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. पेठेत त्याला उंदीर, पाली आणि पारवे मिळत होते. किल्ल्याच्या पायथ्याला दयाळ, शिंपी, बुलबुल, सातभाई, खारी आणि सरडे मिळतील, आणि तुम्ही नेमके पाडव्याच्या सुमारास, म्हणजे घरट्यांच्या दिवसांत तिथे पोहोचणार आहात. दयाळाची आणि बुलबुलाची पिल्ले घरट्यातून उतरल्यावर नीट उडता येईपर्यंत काही दिवस झुडपात आणि जमिनीवरच उड्या मारत असतात; त्या दिवसांत बोक्याला शिकार करावी लागत नाही, ती उचलावी लागते. मागच्या मे महिन्यात माझ्या कुंपणाच्या जास्वंदीखाली दयाळाची मादी सकाळभर कर्कश ओरडत होती. जाऊन पाहिले तेव्हा शेजारचा गुबगुबीत बोका तोंडाला चिकटलेले पीस पंजाने काढत बसला होता आणि त्याला भूक मुळीच नव्हती.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार तिथे मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यांतील मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. इतर देशांत मात्र आता नियम होऊ लागले आहेत. जर्मनीतील वॉल्डोर्फ गावाच्या काही भागासाठी तिथल्या जिल्हा प्रशासनाने २०२२ मध्ये जमिनीवर घरटे करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलासाठी विणीच्या महिन्यांत मांजरे घरात ठेवण्याचा आदेश काढला. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेली मांजरे मालकाच्या हद्दीतच ठेवावी लागतात. त्याआधीपासूनच्या मांजरांना, काही वस्त्या सोडल्यास, त्यातून सूट आहे. म्हणजे सोन्याला एक आणि चिंगीला दुसरा नियम हा तोडगा एका राजधानीच्या शहराने कायद्यातच घातला आहे, एवढे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

ज्यांना मांजर पूर्ण कोंडणे जमणार नाही त्यांच्यासाठी इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे २०२१ सालचे काम अधिक उपयोगाचे वाटते. त्यांनी २१९ घरांतील ३५५ मांजरांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. भरपूर मांस असलेले, धान्य नसलेले खाद्य दिल्यावर घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. मालकाने रोज पाच-दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी मांजराला खेळवले आणि झेप घेऊन पकडू दिले, तेव्हा २५ टक्के घट झाली. घुंगरांचा मात्र काहीही परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर गोष्टीतल्या उंदरांनी एवढा काथ्याकूट केला नसता तरी चालले असते.

तासगावच्या दादांना एक नम्र शंका. मांजर उंदीर धरते, हे मान्य. पण घूस समोर आली तर ते बाजूला होते, हे आपणही पाहिले असेल. न्यूयॉर्कमधील एका कचरा-प्रकल्पात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून भटक्या मांजरांवर नजर ठेवली. तेवढ्या काळात मोठे उंदीर मारल्याच्या घटना दोनच दिसल्या. शेतात गव्हाणी घुबडाची जोडी राहिली तर पिल्ले वाढवताना ती एका रात्रीत कितीतरी उंदीर उचलते. आणि उसाच्या तोडणीत अनेकदा सापडणारी पिल्ले मांजराची नसून वाघाटीची असतात, जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एकीची. लस न घेतलेली हिंडती मांजरे आपले आजार त्यांनाही देऊ शकतात.


द्राक्षबागाईतदार (तासगाव तालुका)

घुशीचे म्हणणे मान्य आहे. घुबडाचे म्हणाल तर आमच्या शेडच्या आढ्याला ते बसले होते. आईने दुसऱ्याच दिवशी हाकलायला लावले. अपशकुन म्हणतात. आता तिला कोण समजावणार?


तिसरी गल्ली (सदर बझार, सातारा)

मांजरे पाळणाऱ्यांनी शेजाऱ्यांचाही विचार करावा, एवढेच लिहायचे होते. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत असतात आणि दोन घरांपलीकडचा बोका त्या प्लास्टिकच्या कागदावर सावलीला येऊन पसरतो. तुळशीच्या कुंडीत रोज घाण असते. सांगायला गेले की उत्तर मिळते, "मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय." मुक्या जनावराला कळत नाही, हे आम्हालाही समजते, म्हणूनच बोलणाऱ्या माणसाला सांगायला गेलो होतो. आता सून गरोदर आहे आणि मांजराच्या विष्ठेपासून गर्भाला धोका असतो, असे सगळे सांगत आहेत, त्यामुळे घरात रोज काळजी चालू आहे. त्यात किती खरे आहे?


जनावरांचा डॉक्टर (कराड, निवृत्त)

धोका खरा आहे. त्याची भीती मात्र बहुधा चुकीच्या जागी असते. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराला कच्च्या मांसातून किंवा उंदरातून होतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच ते विष्ठेतून त्याची अंडी टाकते आणि त्या अंड्यांना लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरातील वाळूची पेटी दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केली, तर धोका फार कमी होतो. तुमच्या कुंडीतील विष्ठा मात्र कोणी रोज काढत नाही, ती मातीत मिसळून जाते. त्यामुळे सूनबाईंनी बागकाम हातमोजे घालून करावे किंवा काही महिने करूच नये, पालेभाजी नीट धुवावी, मांस पूर्ण शिजवावे आणि आपल्या डॉक्टरांना तपासणीविषयी विचारावे. मांजर कुरवाळल्याने हा आजार सहसा होत नाही. कुंडीत मातीवर काटक्या किंवा करवंटीचे तुकडे दाटीने पसरा, बोका तिथे उकरायला बसत नाही.

त्या बोक्याच्या मालकांनी हे वाचले तर त्यांना एक विनंती, की उद्या वैतागून त्याला पोत्यात घालून पलीकडच्या गावी सोडून येऊ नये. पाळलेले जनावर उपाशी मरायला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे.


चिमणपुऱ्यातली (सातारा)

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. वैशाख सुरू झाल्यावर, घर लावून झाल्यावर पुन्हा लिहीत आहे. सगळे ठरवल्यासारखे घडलेले नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोघांच्याही शस्त्रक्रिया आणि लसी घर बदलण्यापूर्वीच करून घेतल्या. चिंगीचा प्रश्न तिथेच सुटला. तिला नव्या घरात खिडक्यांना जाळ्या आहेत की नाहीत याचेही सोयरसुतक नाही. पडद्याच्या दोरीशी तिचा दिवस जातो आणि वाळूच्या दोन पेट्यांपैकी एकीतच जायचे असा तिचा हट्ट आहे. पेटीत लाकडाच्या वखारीतला भुसा घालून पाहिला, तो तिच्या पायांना चिकटून घरभर होऊ लागला. आता बेंटोनाइट मातीची वाळू आणतो.

सोन्याला मागच्या खोलीत त्याच्या जुन्या गोधडीसह तीन आठवडे ठेवले. पहिल्या रात्री तो खिडकीपाशी बसून अशा आवाजात ओरडला की समोरच्या काकूंनी सकाळी येऊन घरात लहान मूल आजारी आहे का, असे विचारले. दहाव्या दिवसापासून तो जेवू लागला, ताटलीचा आवाज ओळखू लागला आणि पिठाचा डबाही त्याने शोधून काढला. बाविसाव्या दिवशी दुपारी चार वाजता, पोट रिकामे असताना त्याला दार उघडून दिले. सातच्या आत तो परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. आम्ही किल्ल्याच्या रस्त्यापर्यंत बॅटरी घेऊन फिरलो आणि सासूबाई रात्रभर देवापुढे बसून होत्या. चौथ्या दिवशी जुन्या वाड्याशेजारच्या चहावाल्यांचा फोन आला, की तुमचा बोका आमच्या पत्र्यावर बसला आहे. मधला सगळा रस्ता, पोवई नाका ओलांडून की कुठून, तो कसा गेला असेल याचा विचारही नको वाटतो. त्याच्या एका पंजाची गादी सोलवटली होती.

त्याला परत आणल्यावर सासूबाईंनीच निर्णय दिला: "आता न्हाई सोडायचा." मागचे अंगण दहा फूट बाय चौदा फूट आहे. वेल्डिंगवाल्याकडून तिथे एक इंची चौकोनाची लोखंडी जाळी सहा फूट उंचीपर्यंत बसवून घेतली आणि वरच्या टोकाला आतल्या बाजूस दीड फूट झुकवली, म्हणजे चढलेल्या मांजराला तो झुकाव ओलांडता येत नाही. कोपऱ्यात जुन्या वाड्यातली मोडकी शिडी उभी करून तिच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकल्या. सकाळी सासूबाई तिथे पाटावर बसून शेंगा निवडतात आणि सोन्या वरच्या फळीवरून बुलबुलांकडे पाहत दात कटकटवतो. तो पूर्वीसारखा आहे असे मी म्हणणार नाही. पहाटे दूधवाला आला की तो अजूनही उठून दारापर्यंत जातो आणि थोडा वेळ तिथे बसून परत येतो.

आता एकच गोष्ट विचारायची राहिली आहे. मृगाला चार दिवस उरतील तेव्हा धावपळ नको म्हणून आताच ठरवायचे आहे: अंगणावर पत्रा घातला तर ऊन जाईल, आणि न घातला तर साताऱ्याच्या पावसात साधी लोखंडी जाळी किती वर्षे टिकेल? वेल्डिंगवाले रेड ऑक्साइडच्या गंजरोधक रंगाचा हात द्या म्हणतात. पण सोन्या जाळी चाटतो. कोणी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा लेप दिलेली, जाळी वापरली असेल तर कृपया कळवावे.